वरची मूठ

"वाळले वाटाने दोन वर्सं टिकतेत," अंबूबाई म्हणाल्या. "त्याइले भिजवाचं, उकडाचं, काचेत कोंडाचं, आन् मंग म्हनाचं का पाहा, टिकले. हे कोन्या गावचं शहानपन हाय बाई?"

वडनेर भोलजीच्या शाळेच्या ओसरीत बसलेल्या तीस-पस्तीस बायकांनी एकदम ग्रामसेविकेकडे पाहिलं. प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता, पण तो विचारायचं वय एकट्या अंबूबाईंचं होतं.

महाराष्ट्र होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. पंचायत समिती नवी, ग्रामसेविका सिंधूताई नवी, आणि तिच्यापुढे टेबलावर ठेवलेलं भांडं तर सगळ्यांहून नवं. कुठल्याशा परदेशातून आलेलं, जाड ॲल्युमिनियमचं, पाण्याच्या मोठ्या हंड्याएवढं. झाकणाला पिळून घट्ट करायचे सहा कान, वर घड्याळासारखी तबकडी आणि डोक्यावर एक लहानसं वजन. सोबत काचेच्या बारा बरण्या. एवढी स्वच्छ काच गावाने फक्त डॉक्टरच्या कपाटाला पाहिली होती.

"आजी, दाणे टिकवायचे नाहीत," सिंधूताई म्हणाली. तेवीस वर्षांची पोर, पण घाबरली नाही. "शिजवण्याचा वेळ टिकवायचा आहे. सोंगणीच्या दिवसांत तुम्ही चार वाजता उठून चूल पेटवता. त्यापेक्षा रिकाम्या दिवसांत शिजवून बरण्या भरून ठेवायच्या. बरणी उघडली, तिखट-मीठ घातलं, की उसळ तयार."

"रिकामे दिस कोनते असतेत ताई?" शेजारच्या गोजरबाईने अगदी भोळेपणाने विचारलं, आणि ओसरी हसली.

एकट्या रुखमाबाई हसल्या नाहीत. त्या अंबूबाईंच्या सून, भगवानराव पाटलांच्या घरच्या. 'वेळ टिकवायचा' हे शब्द त्यांनी पदराच्या गाठीत बांधावेत तसे मनात बांधून घेतले. त्याला कारण होतं. त्यांच्या ट्रंकेत, ठेवणीतल्या लुगड्याच्या घडीत, धाकट्या बहिणीचं साखरखेर्ड्याहून आलेलं पत्र होतं. भाचीचं लग्न फाल्गुनात ठरलं होतं आणि कौशल्याबाईने लिहिलं होतं, 'आक्का, आठ दिवस राहणार असशील तरच ये. अक्षता टाकून लगेच पळणार असशील तर येऊ नकोस.'

तिचंही चुकलं नव्हतं. बावीस वर्षांत रुखमाबाई बहिणीकडे चार वेळा गेल्या होत्या आणि चारही वेळा दुसऱ्या दिवशी परतल्या होत्या. साखरखेर्डा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, एस.टी. दोनदा बदलायची, सगळा दिवस जायचा. तरी रात्र काढून परत. मुलगी मलकापूरला दिलेली, मुलगा अमरावतीला कॉलेजात. घरात उरलेली माणसं तीन: नवरा, सासू आणि सालाने ठेवलेला गडी, सालदार कडूबा. अंबूबाईंचे हात थरथरत. कडूबाला बैलांचं सगळं कळे, चुलीचं काही नाही. आणि भगवानरावांचा चुलीशी संबंध बिडी पेटवण्यापुरता.

भाकऱ्यांची अडचण नव्हती. तीन माणसांच्या भाकऱ्या थापून द्यायचं गोजरबाईने कबूल केलं होतं. तिच्या बाळंतपणात रुखमाबाईंनी सव्वा महिना थापल्या होत्या. पण रोज उठून दुसऱ्याच्या दारात कालवण मागायला वाटी पाठवणं भगवानरावांना कमीपणाचं वाटे. सगळं अडलं होतं ते कालवणावर.

"ताई," रुखमाबाई उभ्या राहिल्या, "ह्या बरन्याइतली उसळ आठ दिस राह्यते?"

"आठ दिवस काय, आठ महिने राहते. नीट भरली तर."

दाराशी गावातली पुरुष मंडळी भांडं बघायला उभी होती. त्यांत भगवानराव होते. बायकोच्या मनात काय चाललंय हे त्यांना लगेच कळलं, आणि चार माणसांत मोठेपणा मिरवायची हौस त्यांना आवरली नाही.

"आठ दिसाची उसळ कोंडून दाखव," ते हसत म्हणाले, "आन् मंग खुशाल जाय साखरखेर्ड्याले. मी आडवा आलो तं पाह्यजो."

तीस-पस्तीस बायकांनी ते ऐकलं. भगवानरावांना घरी पोचेपर्यंत लक्षात आलं नाही की आपण काय बोलून बसलो.

माघ संपता संपता भांड्याची पाळी रुखमाबाईंकडे आली. सिंधूताईने सायकलवरून येऊन सगळं पुन्हा एकदा समजावून सांगितलं. दाणे रात्रभर भिजवायचे. सकाळी अर्धा तास उकळायचे. गरम गरमच बरणीत भरायचे, वर त्यांचंच पाणी घालायचं. चपटं झाकण ठेवून त्यावर कडं फिरवायचं. भांड्यात चार बोटं पाणी, त्यात बरण्या, वरून मोठं झाकण. वाफ दहा मिनिटं मोकळी जाऊ द्यायची, मग वजन ठेवायचं. तबकडीचा काटा लाल खुणेवर आला की तिथून दीड तास, आणि नंतर आपोआप गार होऊ द्यायचं.

"आणि सगळ्यांत महत्त्वाचं," ती म्हणाली, "बरणी काठोकाठ भरायची नाही. अंगठ्याचं एक पेर रिकामं ठेवायचं. बाहेर काढल्यावर गार होताना झाकण टक् असं वाजेल. वाजलं की समजायचं, बरणी बसली."

रुखमाबाईंनी मान हलवली. त्यांना सगळं पाठ झालं होतं.

सकाळी परसात तीन दगडांची चूल मांडून त्यांनी वाटाणे आणि बरबटी, म्हणजे चवळी, उकळली आणि बारा बरण्या भरल्या. प्रत्येक बरणीला अंगठा लावून पेर मोजलं. बारा बरण्या ओळीने उभ्या राहिल्या, आणि तेवढ्यात अंबूबाई काठी टेकत आल्या.

"ह्या अपुऱ्या काऊन?"

"पेरभर जागा ठेवा लागते, आत्याबाई."

"कोनासाठी?"

"वाफेसाठी."

"वाफ का पाव्हनी हाय, तिले बसाले जागा ठेवाले?"

इथे त्या घराची रीत सांगितली पाहिजे. अंबूबाईंच्या घरात माप कधी सपाट केलं जात नसे. पायली असो, शेर असो, ते शिगोशीग भरायचं आणि घेणाऱ्याच्या पदरात वरून आणखी एक मूठ टाकायची. ती वरची मूठ. सपाट माप व्यापाऱ्याचं, असं त्या म्हणत. आणि कुणाचं भांडं घरात आलं तर ते रितं परत जाणार नाही, हाही तिथला शिरस्ता. सिंधूताईने मागे एकदा नमुन्याचं सातूचं पीठ डब्यातून दिलं होतं. तो डबा बिब्ब्याच्या गोडंब्या भरून परत गेला होता.

"मले का करनं हाय," अंबूबाई म्हणाल्या. "तू जाशीन निघून. मागं माह्या लेकाले अर्ध्या बरन्या. खाईन बापडा अर्धपोटी."

एवढं बोलून त्या वाती वळायला गेल्या.

रुखमाबाई बरण्यांकडे बघत राहिल्या. आतापर्यंत ते पेर म्हणजे शास्त्र होतं. आता ते नवऱ्याच्या ताटातली कमी दिसू लागलं. आठ दिवस बहिणीकडे पंक्तीत बसून गोडधोड खायचं आणि इकडे माणसांना पेर मोजून वाढून जायचं. बावीस वर्षांत पहिल्यांदा आठ दिवस घर सोडायचं, तेही अपुरं माप ठेवून. हात आपोआप टोपलीकडे गेला. उकळलेले दाणे संपले होते, पण सुके वाटाणे पायलीभर उरले होते. त्यांनी विचार केला, एक मूठ सुकी घातली तर काय होईल? दीड तास आत आहेतच, शिजतील की. आणि त्यांनी पहिल्या बरणीत वरची मूठ घातली. मग दुसरीत. अकरावीत घातली आणि गोठ्यातून कडूबाने हाक मारली, "बाई, रेडकू सुटलं, म्हैस चोरून पाजून राह्यली."

रेडकू बांधून येईस्तो बाराव्या बरणीचं राहून गेलं. त्यांनी सगळ्यांना झाकणं लावली.

भांडं चुलीवर चढलं. घरात घड्याळ एकच होतं, भगवानरावांच्या मनगटावरचं. ते त्यांनी काढून खुंटीला अडकवलं आणि समोर बसले. जळण होतं पऱ्हाट्यांचं. कापसाच्या वाळल्या काड्या त्या. भक्कन पेटतात आणि बघता बघता विझतात. त्यामुळे काटा कधी लाल खुणेच्या पुढे धावे, कधी मागे सरके. रुखमाबाई काड्या आत सारत आणि बाहेर ओढत होत्या.

पाऊण तास बरा गेला. मग वजन नाचायला लागलं. आधी जरा डुललं, मग खडखडलं आणि मग एका बाजूने पिवळसर पाणी फुर्र करून उडालं. म्हशीने दावं तोडलं.

"बाई," कडूबा दोन पावलं मागे सरत म्हणाला, "हे बोलून राह्यलं."

"बोलू दे," भगवानराव म्हणाले. ते एव्हाना कणगीच्या मागे गेले होते. "तू घाबरू नोको बे. पुढं हो. जाळ कमी कर."

"तुमी या ना मालक."

"मी घड्याळ पाहून राह्यलो."

"घड्याळ तं इकडं हाय."

"तुले दिसते ना मंग? तू पाह्य."

वाती वळता वळता अंबूबाई म्हणाल्या, "रुखमे, तुह्यी पाव्हनी लय भांडखोर निंगाली."

रुखमाबाई जागच्या हलल्या नाहीत. डोळ्यांत धूर, कपाळावर राख, आणि नजर लाल खुणेवर. दीड तास त्यांनी त्या भांड्याशी झुंज घेतली. त्यांच्या डोळ्यांपुढे साखरखेर्ड्याचा मांडव होता. भगवानरावांनी कणगीमागून डोकं काढून "झाला टाइम" म्हटलं तेव्हाच त्यांनी काड्या ओढल्या.

भांडं गार व्हायला आणखी तासभर लागला. तोवर सिंधूताई सायकलवरून आली. सहा कान सैल केले, मोठं झाकण उचललं, आणि पाचही जण वाकून आत बघू लागले.

आतल्या सुक्या वाटाण्यांनी आपलं काम केलं होतं. ते फुगले होते, आणि फुगायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी ती केली होती. अकरा झाकणं आपापल्या कड्यांत तिरपी होऊन वर आली होती, लग्नात रुसलेल्या जावयांच्या टोप्यांसारखी. कडं आणि काच यांच्या फटीतून वाटाणे बाहेर डोकावत होते.

सिंधूताईने बरण्या काढून फळीवर मांडल्या. सगळे टक् वाजायची वाट बघू लागले. बराच वेळ गेला.

टक्.

"एक," कडूबा म्हणाला.

दुसरी वाजली नाही. वाजली ती बारावी होती.

"काकू," सिंधूताईने हळूच विचारलं, "तुम्ही वरून सुके दाणे घातलेत?"

"मूठभरच," रुखमाबाई म्हणाल्या. "वरची मूठ."

सिंधूताईला रागावता आलं नाही. गोडंब्यांचा डबा तिला आठवला असावा. ती एवढंच म्हणाली, "ज्यांची झाकणं बसली नाहीत, त्या आजच संपवायच्या. यात हयगय नको. उद्यापर्यंत ठेवलं तर पोटाला बाधेल. मी आठ-दहा दिवस दुसऱ्या गावांना आहे. भांडं आणि बरण्या तोवर राहू द्या." आणि ती गेली.

रुखमाबाई आत गेल्या. ट्रंक उघडली आणि भरलेली लुगडी एकेक करून बाहेर काढायला लागल्या. भगवानराव दाराशी येऊन उभे राहिले. खरं म्हणजे जिंकले होते ते. पण बायको रडत असती तर बरं, ती नुसती लुगड्यांच्या घड्या मोडत होती, हे त्यांना बघवेना.

"लगनाच्या दिशी जाऊन येजो," ते म्हणाले. "म्या का नाही म्हनलं?"

"बघू," रुखमाबाई म्हणाल्या. "आधी त्या अकरा बरन्या संपवा."

मंडळी जेवायला बसली. भगवानरावांनी तीन वाट्या उसळ खाल्ली, कडूबाने सहा. अंबूबाईंनी दात नसताना दोन वाट्या चघळल्या आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं. एवढं होऊन दीड बरणी संपली.

"बाकीच्या?" भगवानरावांनी पोटावरून हात फिरवत विचारलं.

"गल्लीत देऊन येजो कडूबा," रुखमाबाई म्हणाल्या. "आजच खा म्हनजो. चांगलं अन्न हाय, वाया नको जाऊ देऊ."

दीड बरणी संपली होती, म्हणून बाकीच्यांतलं थोडं थोडं काढून त्यांनी अकराही पुन्हा सारख्या केल्या. तेवढ्यातही एक अपुरी पाठवणं त्यांच्याच्याने होईना. दुसऱ्या भांड्यात काढत बसायला वेळ नव्हता. कडूबाने बरण्या टोपलीत घातल्या आणि अकरा घरी अकरा बरण्या पोचवल्या.

आता दारात आलेल्या सालदाराला बाई विचारणारच, की हे कशाबद्दल? कडूबा खोटं बोलणारा माणूस नव्हता. झाकणं वर येण्याचा अर्थ त्याला नीट समजला नव्हता. ट्रंक रिकामी झाल्याचं तर त्याला माहीतच नव्हतं. त्याने अकरा दारांत एकच सांगितलं. "बाई साखरखेर्ड्याले जाऊन राह्यल्या ना. भाचीचं लगन हाय. आजच खा म्हने."

लग्नाला जाणारी बाई जाण्याआधी घरोघर अन्न वाटते, हे गल्लीला फार आवडलं. अशी पद्धत कुठे नव्हती, पण असायला हवी होती असं प्रत्येकीला वाटलं.

दिवेलागणीच्या सुमाराला गोजरबाई आली. हातात खण आणि नारळ. तिच्या मागून निवृत्तीची बायको, तिच्या मागून मोतीराम वाण्याची. अंगणात अकरा जणी जमल्या.

"जाऊन राह्यली आन् सांगतलं बी नाही," गोजरबाई म्हणाली. "भाचीले हे दे. आन् बस पाटावर, तुह्यी ओटी भरू दे."

"अवं, पन माह्यं जानं..."

"बस म्हनलं ना."

अकरा जणींनी ओटी भरली. तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या, खण. रुखमाबाई पदरातलं ओझं सावरत सासूकडे बघत राहिल्या. अंबूबाईंनी एकदा भरल्या पदराकडे पाहिलं, एकदा ओसरीत उभ्या असलेल्या लेकाकडे.

"गल्लीनं वाटं लावलं," त्या म्हणाल्या. "आता मांगं फिरनं बरं दिसत नाही. पयल्या गाडीनं निंघ."

भगवानरावांनी तोंड उघडलं. अकरा बायका त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांतल्या नऊ जणी शाळेच्या ओसरीतही होत्या. ते ट्रंक काढायला आत गेले.

सकाळी एस.टी.च्या थांब्यावर ट्रंक खाली ठेवताना ते एवढंच म्हणाले, "आठ दिस त्या एका बरनीवर काढू?"

"ठेचा करून ठेवला हाय मडक्यात," रुखमाबाई खाली मान घालून म्हणाल्या.

"ठेचा," भगवानराव म्हणाले, आणि त्यांनी ट्रंक गाडीत चढवली.

साखरखेर्ड्याला आठ दिवस लग्नघर गाजत होतं. रुखमाबाईंनी रुखवत मांडलं, शेवया केल्या, बायकांत बसून जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. पण दर पंगतीला पहिला घास हातात अडे. श्रीखंड वाढलं की मडक्यातला ठेचा दिसे.

"आक्का, तुझं ध्यान कुठंय?" कौशल्याबाईने तिसऱ्या दिवशी विचारलंच. "तिकडं काय लहान लेकरू रडतंय का?"

"लहान असतं तं शेजारीन घेऊन गेली असती," रुखमाबाई म्हणाल्या. "मोठ्याले कोन नेईन?"

तरी त्या आठही दिवस राहिल्या. भाचीची पाठवणी झाली, मांडव उतरला, बहिणी-बहिणी दोन दुपारी नुसत्या बोलत पडल्या. बावीस वर्षांचं बोलणं होतं, ते निम्मंच झालं. नवव्या दिवशी त्या निघाल्या. वडनेरला उतरताना त्यांनी मनाची तयारी केली होती. नवरा वाळला असणार. सासू बोलणार. आल्या आल्या चूल पेटवायची आणि जन्मात पुन्हा बहिणीकडे जायचं नाव काढायचं नाही.

ओसरीत भगवानराव पान लावत बसले होते. गालांवर तुकतुकी होती. सदऱ्याची खालची गुंडी उघडी होती, आणि ती विसरल्यामुळे उघडी राहिलेली दिसत नव्हती.

"आली का," ते म्हणाले. "घाई काऊन केली?"

रुखमाबाई पाय न धुताच स्वयंपाकघरात गेल्या. फळीवर काचेच्या दहा बरण्या धुऊनपुसून ओळीने उभ्या. शेजारी झाकण बसलेली ती बारावी, जशीच्या तशी. आणि चुलीपाशी एक बरणी, तिच्यात भरली वांगी, अगदी काठापर्यंत.

"आत्याबाई, हे का?"

अंबूबाई सांगायला टपूनच बसल्या होत्या. "का म्हंजे? बरन्या गेल्या का नाही गल्लीत? त्या वापस येतीन का नाही? आन् वापस येतीन तं रित्या येतीन का?"

"सगळ्याइनं भरून पाठोल्या?"

"पयल्या दिशी गोजरीनं पिठलं पाठोलं. साधं आपलं. पन काच हाय ना बाई, काचेतून दिसते. ती बरनी घेऊन आली थे साऱ्या गल्लीनं पाह्यलं. पातेलं असतं तं झाकून आनलं असतं. दुसऱ्या दिशी निवृत्तीच्या बायकोले वाटलं, आपन पिठलं कसं पाठवाव? तिनं शेवभाजी पाठोली. ते पाहून मोतीरामाचीनं पातोड्या. मंग काई इचारू नोको. एकीनं बासुंदी पाठोली, बरनीत साय दिसली पाह्यजे म्हनून पातेल्याच्या झाकनावर इस्तवाचे निखारे ठेवले व्हते म्हने. एक बरनी संपली का दुसरी. कोनी घाईनं नाही पाठोली. आधी समदी पाहेत, आज का गेलं." त्या थांबल्या. "बासुंदीत साखर कमी व्हती."

"आन् हे वांगे?"

"हे आजचं. अकरावी."

"मालकाइनं घेतलं?"

"मांगतलं असतं तं कमीपना," अंबूबाई म्हणाल्या. "आपलीच बरनी वापस आली, तिच्यात कायचा कमीपना?"

जेवताना भगवानराव तीन भाकऱ्या खाऊन चौथीकडे वळले. मग घसा खाकरला.

"कौशल्याले आनखी एक पोरगी हाय ना?"

"हाय. नऊ वर्साची."

"अस्सं," भगवानराव म्हणाले, आणि वांग्याचं देठ चोखत विचारात पडले. "मंग तिच्या लगनाले टाइम हाय अजून."

दुसऱ्या दिवशी सिंधूताई आली. तिने आधी बारावी बरणी उघडली, वास घेतला, चिमटीने दाणा दाबून पाहिला. छान राहिली होती. तिने वही काढून पेन सरसावलं.

"भगवानराव, खरं सांगा. काकू नव्हत्या तेव्हा आठ दिवस तुमचं बरण्यांवर भागलं?"

"बरन्याइवरच," भगवानराव म्हणाले. माणूस शब्दाचा पक्का होता. "दुसरं काई शिजलं नाही घरात. मायले इचारा पाह्यजे तं."

"बाराच्या बारा?"

"अकरा. बारावीले हात लावाचा परसंग नाही आला."

सिंधूताईने जसंच्या तसं लिहून घेतलं. तो अहवाल पुढे कुठवर गेला कोण जाणे, पण पुढच्या वर्षी वडनेरला आणखी चोवीस बरण्या आल्या.

कडूबाने भांडं सिंधूताईच्या सायकलला बांधलं. ते तिला जाताना फार जड लागलं, चढाला उतरून सायकल ढकलावी लागली. नांदुऱ्याला पंचायत समितीत पोचून सहा कान सैल केले तेव्हा आत पायलीभर वाल निघाले. अंबूबाईंनी भरले होते. वर एक मूठ वाटाणे.

बरण्या मात्र रुखमाबाईंनी ठेवून घेतल्या होत्या. "चार दिस ऱ्हाऊ द्या ताई," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी बरबटी भिजत घातली. सकाळी घरच्याच पितळी पातेल्यात शिजवली, लसणाची चरचरीत फोडणी दिली आणि अकरा बरण्या ओळीने मांडल्या. एकेक शिगोशीग भरली. वरून प्रत्येकीत एक पळी आणखी घातली, या वेळी शिजलेली. कडूबा टोपली घेऊन दाराशी उभा होता.

भगवानराव अंघोळ करून येता येता थबकले. "आता हे कायचं? कोनाचं लगन हाय?"

"लगन नाही," रुखमाबाई अकराव्या बरणीचं झाकण लावत म्हणाल्या. "दोन महिन्यानं आखाजीचा सन हाय. तवर बरन्या फिरत्या ठेवा लागतीन. आठ दिस बहिनीकडं जाव म्हनते."